पुलाखाली कोण बघतंय? पूल तपासणारे रोबोट आणि आपल्या जिल्ह्यातले पूल

आपल्याकडं पूल बघायचा तो वरनं. पावसाळ्यात प्रश्न दोनच असतात. पाणी किती फुटांवर आलं, आणि वाहतूक सुरू आहे का बंद. पाणी ओसरलं, बॅरिकेड बाजूला झालं की दुधाची गाडी, शाळेची पोरं, एसटी, आणि पुढं हंगाम सुरू झाला की उसाच्या डबल ट्रॉल्या, सगळं त्याच पुलावरनं परत धावायला लागतं. पुलाला पुरानं काय केलं, हे खाली वाकून बघणारा माणूस मात्र क्वचित दिसतो. आणि पुलाचं दुखणं बहुतेक वेळा वर नसतंच. ते पाण्याखाली असतं, नाहीतर काँक्रीटच्या पोटात.

तिथवर पोचण्यासाठी आता यंत्रं आली आहेत. पाण्यात बुडी मारणारा रोबोट, स्लॅबखाली उडणारा ड्रोन, खांबाला चिकटवून ठेवायचे सेन्सर. ही यंत्रं नेमकं काय करतात, आपल्या पंचगंगेच्या गढूळ पाण्यात ती कितपत चालतील, आणि गावकऱ्यांनी कुठल्या खात्याला काय विचारायचं, ते या लेखात बघू.

तपासणी झाली होती, तरीही

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई अशा दोन एसटी आणि एक खासगी गाडी अंधारात थेट नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसं गेली. गाड्या शोधायला नौदलाचे पाणबुडे आले, क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक बांधून नदीचा तळ चाचपला, तरी पहिल्या एसटीचा सांगाडा सापडायला आठवड्याहून जास्त दिवस लागले.

यातली खरी टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची तपासणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नाही असा निष्कर्ष होता, हे नंतर सरकारकडूनच सांगण्यात आलं. म्हणजे पूल दुर्लक्षित होता, कुणी फिरकलंच नाही, असं नाही. माणूस गेला, त्यानं बघितलं, ठीक आहे म्हणून लिहिलं. आणि पावसाळा अर्धा होईपर्यंत पूल जागेवर नव्हता.

मुंबईत १४ मार्च २०१९ ला सीएसएमटी स्टेशनबाहेरचा हिमालय पादचारी पूल कोसळला, सात जणांचा जीव गेला. त्या पुलाचंही ऑडिट झालेलं होतं, किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरायला योग्य ठरवला गेला होता. तेव्हा 'ऑडिट झालंय' हे शब्द ऐकून निर्धास्त व्हायचं कारण नाही. ऑडिट कशानं झालं, कुठवर झालं, हातोडी लावली का नुसतं खालनं वर बघितलं, पाण्याखाली कोण उतरलं, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला वजन नाही.

पाणी खांबाचं काय करतं

नदीच्या धारेत पाय रोवून उभं राहिलेल्याला हे सांगायला नको. टाचेखालची वाळू हळूहळू निसटते आणि पाय खाली जातो. पुलाच्या खांबाचं तेच होतं. वाहतं पाणी खांबाच्या तोंडावर आपटतं, खाली वळतं, तळाशी भोवरा धरतं आणि खांबाभोवतीची वाळू-माती उकरून पुढं नेतं. पाया खोल खडकात असेल तर फारसं बिघडत नाही. पाया वाळूत किंवा मुरमात असेल तर त्याला धरून ठेवणारी जमीनच कमी होते. पुरानं पूल पडण्याचं जगभरातलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. वरचा स्लॅब अगदी धडधाकट असतो, खालचा आधार गेलेला असतो.

आता यातली फसवी बाब. हा खड्डा सगळ्यात खोल असतो तो पूर ऐन भरात असताना. पाणी उतरायला लागलं की वरनं येणारा गाळ आणि वाळू त्याच खड्ड्यात येऊन बसते. दहा दिवसांनी बघायला गेलेल्या अभियंत्याला तळ सपाट दिसतो. पण तो भराव भुसभुशीत असतो, खांबाला आवळून धरणारा नसतो. पुढच्या पुरात तो पहिल्या तासातच निघून जातो.

यात वाळू उपशाची भर. पुलाच्या खालच्या अंगाला वाळू काढत गेलं की पात्र खोल होतं आणि खांबाचा जमिनीतला भाग आपोआप आखूड होतो. पुरात वाहून आलेली झाडं आणि केंदाळ खांबाला अडकलं की पाण्याला जायला वाट कमी, दाब जास्त, भोवरा मोठा. २०१९ आणि २०२१ चे दोन महापूर आपल्या जिल्ह्यातल्या पुलांनी अंगावर घेतले आहेत. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली होती. पूल उभे राहिले, ही चांगली गोष्ट. पण त्या दिवसांत तळाशी काय काय झालं, हे वरनं कळत नाही.

पाण्यात उतरणारा रोबोट

आजवर पाण्याखालची तपासणी म्हणजे पाणबुड्या. माणूस बुडी मारतो, हातानं खांब चाचपतो, वर येऊन सांगतो. काम जोखमीचं. धारेत तोल जातो, तळाशी तुटक्या सळया आणि जाळी असते, आणि गढूळ पाण्यात त्याला दिसतंही कमीच. शिवाय तो काय सांगतो तेवढंच कागदावर येतं. दुसऱ्याला पडताळून बघता येत नाही.

पाण्याखालचा रोबोट म्हणजे साधारण पत्र्याच्या ट्रंकेएवढं यंत्र. त्याला चार-सहा छोटे पंखे, दिवे, कॅमेरा आणि वर काठावर येणारी लांब केबल. चालवणारा माणूस होडीत किंवा काठावर बसतो, समोरच्या पडद्यावर बघत खेळण्यातल्या रिमोटसारख्या दांडीनं त्याला खांबाभोवती फिरवतो. काँक्रीट कुठं निघालंय, दगडाच्या सांध्यातला चुना कुठं धुपलाय, सळई कुठं उघडी पडलीय, सगळं व्हिडिओत येतं. ही विलायतेची चैन राहिलेली नाही. आयआयटी मद्रासमधून २०१५ मध्ये निघालेली प्लॅनिस आणि कोचीची आयरोव्ह या आपल्याच देशातल्या कंपन्या असे रोबोट बनवतात आणि बंदरं, धरणं, पूल अशा ठिकाणी वापरतात.

पण पंचगंगेचं, कृष्णेचं पावसाळ्यातलं पाणी म्हणजे दुधाचा चहा. त्यात कॅमेऱ्याला वीतभर पुढचंही दिसत नाही. म्हणून रोबोटला कानही लागतात, ते म्हणजे सोनार. यंत्र आवाजाचा ठोका सोडतं, तो तळावर किंवा खांबावर आपटून परत येतो, आणि लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो. ठोका एका सेकंदाच्या शंभराव्या भागात परत आला तर जाऊन-येऊन पंधरा मीटर झाले, म्हणजे तळ साडेसात मीटरवर. असे हजारो ठोके एकत्र केले की तळाचा उंच-सखल नकाशा तयार होतो. गढूळ पाण्याचं त्याला वावडं नाही.

खांबाभोवतीचा खड्डा मोजायचा असेल तर बिनमाणसाची छोटी होडी जास्त सोयीची. पोटाला सोनार, डोक्याला जीपीएस. शेतात तास घालावेत तशी ती पात्रात इकडून तिकडं फिरते आणि तळाचा नकाशा काढते. हाच नकाशा दरवर्षी काढला तर कुठला खांब उघडा पडत चाललाय ते स्पष्ट दिसतं. एका वर्षाच्या नकाशाला फारसा अर्थ नाही, दोन शेजारी ठेवले की अर्थ येतो.

अडचणीही सांगायला हव्यात. ऐन पुरात यातलं काहीच पाण्यात टाकता येत नाही. धार रोबोटला ओढून नेते, केबल झाडाला अडकते. केंदाळ पंख्यात गुंतलं की यंत्र जागच्या जागी बसतं, आणि पंचगंगेत केंदाळाची टंचाई कधी नसते. म्हणून हे काम पावसाळ्याआधी आणि पाणी उतरल्यावर असं दोनदा करायचं.

आणि एक साधी गोष्ट. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी पंचगंगेवर बंधाऱ्यांची रांगच आहे. बरगे घातलेले असतात तोवर वरच्या अंगाला पाणी तुंबलेलं असतं आणि खांबाचं बूड दिसत नाही. पावसाळ्याआधी बरगे काढले की पाणी खाली जातं आणि बऱ्याच पुलांचे पाय उघडे पडतात. त्या थोड्या दिवसांत टॉर्च, टेप आणि हातोडी घेतलेला अभियंता बिनखर्चात जे बघेल ते एरवी रोबोट लावून बघावं लागेल. सगळ्या पुलांना रोबोट लावा म्हणणं सोपं आहे. ज्या पुलाखाली बारमाही डोह आहे, तिथं तो लावा, बाकी ठिकाणी वेळ साधा, हे जास्त शहाणपणाचं.

पाण्याच्या वर: ड्रोन, क्रेन आणि हातोडी

पुलाच्या स्लॅबखाली पोचायला एक खास गाडी असते. ट्रकवर बसवलेला लांब हात कठड्यावरून पलीकडं जातो, खाली वळतो आणि माणसांना स्लॅबखाली नेऊन उभं करतो. गाडी चांगली, पण ती उभी करायची तर पुलाची एक बाजू बंद करावी लागते, आणि आपल्या अरुंद जुन्या पुलांवर ती उभी केली की दुसरं काही जातच नाही.

तिथं ड्रोन कामाला येतो. उंच खांब, कमानीचा आतला भाग, बेअरिंग, जॉइंटखालची गळती, सगळ्याचे जवळून फोटो तासाभरात मिळतात. असे शेकडो फोटो जोडून पुलाचं त्रिमिती चित्र बनवता येतं आणि भेग किती लांब, किती रुंद, हे कार्यालयात बसून मोजता येतं. उष्णता टिपणारा कॅमेरा असेल तर उन्हात तापलेल्या काँक्रीटचा आतनं सुटलेला पापुद्रा वेगळ्या रंगात उठून दिसतो. अर्थात पुलाखाली जीपीएसचा सिग्नल तुटतो आणि ड्रोन भरकटतो, म्हणून त्यासाठी वेगळ्या बनावटीचे ड्रोन आणि सरावाचा पायलट लागतो. हौशी मंडळींनी आपला ड्रोन पुलाखाली घालून बघू नये. नियम आहेत, आणि उजळाईवाडीच्या विमानतळाच्या टापूत तर परवानगीची भानगड आणखी मोठी.

ड्रोन बघतो, पण ठोकत नाही, ही त्याची मर्यादा. काँक्रीटमधली सळई गंजली की फुगते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळं आतनं दाब येऊन काँक्रीट सुटतं. वरनं गुळगुळीत दिसणाऱ्या जागी हातोडी मारली की पोकळ आवाज येतो. त्यापुढची चाचणी ध्वनिलहरींची. लहर काँक्रीटमधून सेकंदाला साडेचार किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं गेली तर काँक्रीट उत्तम, तीनच्या खाली आली तर शंका, अशी मोजपट्टी आपल्याकडं वर्षानुवर्षं वापरात आहे. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठानं 'रॅबिट' नावाचा चाकांवरचा रोबोट बनवला, तो पुलावरून चालत जातो आणि अशा चार-पाच चाचण्या एकदमच करत स्लॅबच्या आतलं चित्र काढतो. आपल्या जिल्ह्यात तो येईल तेव्हा येईल. हातोडी आजही आहे, आणि ती नेली जाते का, हा प्रश्न विचारायला काही लागत नाही.

दगडी कमानीच्या पुलांचं दुखणं थोडं निराळं. सांध्यातला चुना धुपतो, त्यात पिंपळ नाहीतर वड रुजतो आणि मुळं पाचर मारल्यासारखी दगड सरकवतात. रोप बोटाएवढं असताना हातानं निघतं. खोड मनगटाएवढं झालं की ते काढायला दगड सोडवावे लागतात.

पुलाला लावलेले कान

बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो. पक्कं मडकं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. पुलालाही स्वतःचा असा एक कंप असतो. त्यावरून ट्रक गेला की तो ठरावीक लयीत हलतो. खांबाभोवतीची माती गेली किंवा कुठं मोठी भेग पडली की ती लय बदलते, बहुतेक वेळा संथ होते. पुलाला चिकटवलेला काडेपेटीएवढा सेन्सर ही लय रात्रंदिवस मोजतो आणि फरक पडला की कळवतो. खड्डा मोजायलाही एक साधी युक्ती आहे. खांबाशेजारी तळात सळई रोवायची आणि तिच्यावर जड कडं सोडायचं. माती खचली की कडं खाली घसरतं आणि पुन्हा गाळ बसला तरी तिथंच राहतं. पूर ओसरल्यावर तळ सपाट दिसतो ना, ती फसवणूक हे कडं उघडी पाडतं.

या बाबतीत रेल्वे रस्त्यांच्या पुढं आहे. कोकण रेल्वेनं काळी, सावित्री आणि वाशिष्ठी या तीन नद्यांच्या पुलांवर पाणी धोक्याच्या वर गेलं की अधिकाऱ्यांना इशारा देणारी यंत्रणा बसवली आहे. सावित्री म्हणजे महाडची तीच नदी. शिवाय रत्नागिरीजवळचा पानवल पूल आणि मांडवी, झुआरी, शरावती या नद्यांवरचे पूल इथं वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत. आपल्याकडं रुकडीजवळ पंचगंगेवर रेल्वेपूल आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी वाढलं तशी कोल्हापूर-मिरज रेल्वे थांबवली गेली. प्रवाशांचे हाल झाले, पण पाणी कुठवर आलं की गाडी थांबवायची, हे रेल्वेनं आधी ठरवलेलं असतं. रस्त्याच्या पुलावर हा निर्णय पुष्कळदा पोलीसपाटील, तलाठी आणि बंदोबस्तावरचा हवालदार यांच्यावर येऊन पडतो, आणि समोर हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग असते.

माझं मत विचाराल तर आपल्या जिल्ह्यानं पहिला खर्च इथं करावा. मोठ्या पुलांच्या खांबांवर पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर, आणि अमुक फुटांवर वाहतूक बंद असा प्रत्येक पुलाचा ठरलेला आकडा, गावात पाटीवर लिहिलेला. रोबोट त्याच्यानंतर.

यंत्रानं बघितलं, माणसानं नाही

इटलीत जिनोआ शहरातला मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ ला भर पावसात कोसळला, ४३ माणसं गेली. त्या पुलाला तोलून धरणाऱ्या लोखंडी तारा काँक्रीटच्या आत बंद होत्या, त्यामुळं त्यांचा गंज बाहेरून दिसत नव्हता. त्याच जागी २०२० मध्ये नवा पूल उभा राहिला, त्याच्या दोन्ही कडांना रूळ आहेत आणि त्यावरून तपासणी करणारे रोबोट पुलाच्या पोटाखाली फिरतात. पूल बांधतानाच ही सोय केली म्हणून ते जमलं. आपल्या जुन्या पुलांना असे रूळ लावणं परवडणारं नाही, पण इथून पुढं जे नवे पूल मंजूर होतील त्यात निदान खाली उतरायला शिडी आणि बेअरिंगपाशी उभं राहायला जागा तरी असावी, एवढं मागायला हरकत नाही.

दुसरा किस्सा अमेरिकेतला, मेम्फिस शहराजवळ मिसिसिपी नदीवरच्या महामार्गाच्या पुलाचा. मे २०२१ मध्ये दोरानं लटकून काम करणाऱ्या तपासनिसांना त्याच्या मुख्य पोलादी तुळईला आरपार गेलेली भेग दिसली. त्यांनी तिथूनच आपत्कालीन नंबरवर फोन करून पूल बंद करवला. पुढं जुनं चित्रीकरण उघडून बघितलं, तर २०१९ च्या ड्रोनच्या व्हिडिओत ती भेग स्पष्ट होती. नदीत छोटी नाव वल्हवणाऱ्या एका हौशी माणसानं २०१६ मध्ये काढलेल्या फोटोतही ती सापडली. मधल्या वर्षांत रीतसर तपासण्या होतच होत्या. तपासणीची जबाबदारी असलेल्या कर्मचाऱ्याची नोकरी गेली. म्हणजे ड्रोननं दोन वर्षं आधी दाखवलं होतं, बघितलं कुणी नाही.

तरी यंत्राच्या बाजूनं एक मुद्दा उरतोच. त्या व्हिडिओमुळं चूक कुणाची हे सिद्ध झालं. वहीत 'पुलाची स्थिती समाधानकारक' असं लिहायला जागेवर जावं लागत नाही. तारीख-वेळेसह खांबाचा फोटो मात्र गेल्याशिवाय येत नाही, आणि गेल्या वर्षीचा फोटो यंदाच्या शेजारी ठेवला की कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज राहत नाही.

उलट बाजूही बघा. मावळ तालुक्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ ला पर्यटकांच्या गर्दीनं कोसळला, चार जणांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं होता. पुढच्याच महिन्यात, ९ जुलैला, गुजरातेत वडोदऱ्याजवळ महीसागर नदीवरचा गंभीरा पूल वाहनांसकट तुटला, वीसहून जास्त माणसं गेली. या दोन्ही ठिकाणी यंत्रानं काही नवं सांगायचं राहिलं नव्हतं. कुंडमळ्यानंतर राज्यभरातल्या पुलांच्या स्ट्रक्चरल ऑडिटचे आदेश निघाले.

आपला पूल कुणाचा?

तक्रार करायची तर आधी मालक शोधावा लागतो, आणि तिथंच अर्धी मंडळी थकतात. साधारण असं आहे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्गावरचा पूल सार्वजनिक बांधकाम विभागाचा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्गावरचा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा. राष्ट्रीय महामार्गावरचा महामार्ग प्राधिकरणाचा किंवा बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाचा. केंद्रानं २०१६ मध्ये महामार्गांवरच्या पुलांची संगणकावर नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू केली, प्रत्येक पुलाला नंबर आणि त्याच्या तब्येतीला गुण. गावाकडच्या साकवाला आणि फरशी पुलाला असं कुणी गुण देत नाही.

सगळ्यात अडचणीचं प्रकरण कोल्हापुरी बंधाऱ्याचं. बंधारा पाणी अडवायला बांधलेला, पाटबंधारे खात्याचा. पण शेकडो गावांना तोच जवळचा रस्ता. मोटारसायकल, वैरणीचे भारे, कधी ट्रॅक्टरसुद्धा. वापर पुलाचा, देखभाल बंधाऱ्याची. दरवर्षी तो पाण्याखाली जातो, वर येतो, वाहतूक सुरू होते. मधे कुणी तपासला का, हे विचारायचं तर ते पाटबंधारे खात्यालाच.

विचारायचा हक्काचा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत लिहायचा असतो, तेव्हा एका अर्जात एकच पूल घ्या. पुलाचं नाव आणि रस्ता लिहून मागा: शेवटची तपासणी कुठल्या तारखेला झाली, अहवालाची आणि फोटोंची प्रत, पाण्याखालच्या भागाची तपासणी झाली का आणि कशानं, सुचवलेल्या दुरुस्त्या कोणत्या आणि त्यातल्या किती पुऱ्या झाल्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. शेवटचा, दुरुस्त्यांचा प्रश्न विसरू नका. ड्रोनचे फोटो कुणीही देईल, घाम तिथं फुटतो.

हातात फोन आहे, तोही वापरा. पुलाच्या एका टोकाला उभं राहून कठड्याच्या वरच्या कडेवरून नजर टाका. रेघ दोरी लावल्यासारखी सरळ दिसली पाहिजे. मधेच झोळ दिसला तर खालचा खांब बसलाय का, ही शंका घ्यायला जागा आहे. जॉइंटची फट एका बाजूला रुंद झाली, गाडी गेल्यावर पूर्वी नव्हता असा आवाज यायला लागला, स्लॅबखाली तांबूस डाग पडले, पूर नसताना खांबापाशी नव्या जागी भोवरा दिसला, तर फोटो काढा. भेगेशेजारी पेन नाहीतर रुपया धरून काढा म्हणजे आकार कळेल, आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागेवरून पुन्हा काढा. कठडा मोडला असेल तर तोही किरकोळ समजू नका. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री आपल्या शिवाजी पुलावरून मिनीबस कठडा तोडून पंचगंगेत गेली आणि १३ जण गेले. पूल जागेवरच होता.

फोटोसाठी पाण्यात किंवा पुलाखाली उतरू नका. पाणी चढतं असताना तर पुलावर थांबूच नका.

आणि पूल खचताना किंवा तुटताना दिसला तर अर्ज-बिर्ज नंतर. महाडला त्या रात्री पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराला पुढं गेलेल्या गाडीचे दिवे एकदम गायब झालेले दिसले, त्यानं धावाधाव करून मागच्या गाड्या थांबवल्या. आधी दोन्ही बाजूंनी वाहनं थांबवा, रात्र असेल तर टॉर्च किंवा मोबाईलचा दिवा हलवत पुलापासून लांब उभं राहा. मग ११२ ला फोन करा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३. फोनवर नदीचं नाव, रस्त्याचं नाव, पुलाच्या दोन्ही अंगांची गावं सांगा, आणि जवळच किलोमीटरचा दगड असेल तर त्यावरचा आकडाही.